हाडं आणि काच

लग्नसराईत सकाळी सातच्या सुमाराला तालुक्याच्या कुठल्याही रस्त्याला उभं राहा, स्प्लेंडरवरून निघालेली एखादी जोडी दिसतेच. पुढे फोटो स्टुडिओचा मालक. मागे त्याचा असिस्टंट, मिसरूड नुकतंच फुटलेलं. दोघांच्या मधे काळी बॅग, पोराच्या पाठीला दुसरी, मांडीवर आडवी धरलेली लाइट स्टँडची थैली आणि बगलेत छत्री. छत्री पावसाची नव्हे, फ्लॅशला लावायची पांढरी. हळद आठला आहे, नवरीचा मामा दर पाच मिनिटांनी फोन करतोय आणि तो उचलायला दोघांपैकी कुणाचाही हात मोकळा नाही.

ही वरात बघून लोक हसतात. मला हसू येत नाही, कारण मोटरसायकलवरून कॅमेरा न्यायची याहून चांगली सोय मी अजून पाहिलेली नाही. बाजारात हजारो रुपयांच्या बॅगा मिळतात, खोकी मिळतात, त्यात चिकटपट्टीचे कप्पे मिळतात. त्या सगळ्यांची धडपड शेवटी एकच असते: मागे बसलेल्या त्या पोराच्या मांडीची नक्कल करायची.

माझी अडचण अशी की मी गाडीवर एकटाच असतो. पुण्याहून भिगवण, साताऱ्यावरून कास, पावसाळ्यात आंबोली. मागची सीट रिकामी. त्यामुळे ‘कॅमेरा ठेवायचा कुठे?’ हा प्रश्न दरवेळी नव्याने पडतो आणि त्याचं उत्तर दरवेळी तिरकंच येतं. कॅमेऱ्यासाठी गाडीवरची सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे माझं अंग. आणि माझ्या अंगासाठी गाडीवरची सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे त्यावर बांधलेला कॅमेरा.

आधी कॅमेऱ्याची बाजू घेऊ. गाडीवर त्याला दोन शत्रू असतात आणि आपण घाबरतो तो नेमका त्यातल्या कमी वाईटाला. खड्डा डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येतो, म्हणून सगळा राग खड्ड्यावर. इंडियन रोड काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गोल पाठीचा स्पीड ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असावा. आपल्याकडे शाळेसमोर रातोरात उगवणारा सिमेंटचा बांध हातभर रुंद असतो आणि त्याची उंची मिस्त्रीच्या मर्जीवर. त्यावर गाडी आदळली की पोटात गोळा येतो, हे खरंय. पण तो धक्का एकदाच येतो, आणि बॅगेतला फोम बनवलेलाच असतो तो झेलायला.

दुसरा शत्रू इंजिनात बसलेला असतो. एका सिलिंडरची गाडी मिनिटाला ३००० फेऱ्यांवर चालली की पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर जाऊन खाली येतो. पुण्याहून भिगवण साधारण १०० किलोमीटर. दोन तास त्याच लयीत चाललात, तर ३ लाख ६० हजार वेळा. जुन्या बुलेटवर बसलेल्याला हे समजावून सांगायला नको, त्याच्या तळहातांना ते घरी पोहोचल्यावरही तासभर आठवत असतं. २०२० मध्ये आलेल्या मिटिऑर या गाडीपासून बुलेटच्याच कंपनीने, रॉयल एनफिल्डने, ३५० सीसीच्या नव्या इंजिनात थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट घातला, तेव्हा हाताच्या मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. काही जुने बुलेटवाले त्यामुळे नाराजही झाले, पण तो वेगळा विषय.

ही बारीक थरथर स्क्रू सोडवते. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९६९ साली हे प्रयोगाने दाखवलं होतं. बोल्टच्या लांबीच्या दिशेने कितीही ओढाओढ केली तरी तो फारसा सैल होत नाही. जोडलेले दोन भाग आडवे, पुन्हा पुन्हा एकमेकांवर सरकायला लागले की तोच बोल्ट हळूहळू आपोआप उलटा फिरतो. लेन्स म्हणजे अशा जोडलेल्या भागांचीच चळत. मागच्या धातूच्या कड्याला चार बारीक स्क्रू, आत काचांच्या गटांना धरणारे आणखी कितीतरी. लांबच्या प्रवासानंतर बॅगेच्या तळाशी नखाच्या टोकावर मावेल असा एक काळा स्क्रू सापडतो आणि तो नक्की कुठला, हे कॅमेरा सांगत नाही. दुरुस्तीवाल्याकडे जा, तो तुमच्याकडे न बघताच विचारतो, “गाडीवर नेता काय?”

स्क्रूच्याही आधी काही इशारे मिळतात. ट्रायपॉडची प्लेट हाताने फिरायला लागते. मोठ्या लेन्सच्या पायाची चावी सैल होते. डोळा लावायचा रबरी कप एके दिवशी जागेवर नसतो. हे सगळं बाहेरचं, म्हणून दिसतं. आतही तेच चाललेलं असतं, असं धरून चालावं.

त्यात आता नवी नाजूक मंडळी आली आहेत. हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून आजच्या लेन्समध्ये काचेचा एक गट आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटो टिपणारा अख्खा सेन्सर चुंबकांच्या जोरावर तरंगता ठेवलेला असतो. कॅमेरा बंद केला की चुंबकांचा जोर जातो आणि अनेक मॉडेलमध्ये तो सेन्सर आतल्या आत मोकळा होतो. कानाशी धरून हलवा, टकटक ऐकू येते. काही कंपन्या बंद करताना त्याला कुलूप घालतात, सगळ्या घालत नाहीत. फोनमधल्या कॅमेऱ्यांचंही तेच. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने लेखी सांगितलं की जोरकस इंजिनाच्या मोटरसायकलच्या हँडलवर आयफोन थेट लावू नका, त्या थरथरीने कॅमेऱ्याचं काम बिघडू शकतं. मोपेड-स्कूटरला लावायचाच तर थरथर शोषणारा माउंट वापरा, असंही त्यात होतं. एरवी स्वतःच्या मालाबद्दल इतकं मोकळेपणाने कुणी बोलत नाही.

म्हणजे प्रश्न उरतो तो जागेचा. गाडीवर सगळ्या जागा सारख्या नसतात. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून ज्याने घाट उतरला आहे त्याला हे शिकवावं लागत नाही. तिथे बसलेला छताला लागतो आणि त्याच वेळी मधल्या सीटवरची आजी डुलक्या काढत असते. खड्डा एकच, चाकं तीच. पण मागच्या चाकाच्याही मागे गेलं की प्रत्येक हेलकावा मोठा होऊन मिळतो. मोटरसायकलचं कॅरिअर म्हणजे तो शेवटचा बाक, आणि आपण नेमकं तिथेच टॉप बॉक्स लावून त्यात लाखभराचा माल ठेवतो. दिसायला रुबाबदार, कुलूप लागतं, पाऊस आत जात नाही, सगळं खरं. पण उंचावर आणि मागे वजन गेल्यावर पुढचं चाक हलकं होतं, आणि अनेक टॉप बॉक्सवर ३ ते ५ किलोचीच मर्यादा छापलेली असते. हेल्मेट, रेनकोट आणि पोह्यांचा डबा ठेवायला उत्तम वस्तू आहे.

बाजूला लावायच्या ॲल्युमिनियमच्या पेट्यांची आणखी एक गंमत. ज्यांनी त्यातून सामान नेलंय त्यांना ती काळी पूड ठाऊक असेल. पेटीच्या भिंतीला वस्तू दिवसभर घासत राहतात आणि ॲल्युमिनियम झिजून सगळ्यावर बसतं, कपड्यांवर, चार्जरवर, धूळ उडवायच्या ब्लोअरच्या रबरावर. ती पूड म्हणजे आत किती थरथर चालू होती याची लेखी नोंदच. शिवाय पेटी लोखंडी फ्रेमला, फ्रेम इंजिनाला. मधे कुठेही मऊ काही नाही.

आता कडक फोम आणि मऊ फोम यात लोक हमखास कडक निवडतात, कारण तो हाताला भक्कम लागतो. पण बारीक थरथर अडवायची तर आधार मऊ आणि जाड हवा, वजन ठेवल्यावर तो दबायला हवा आणि तरी तळाला टेकायला नको. कडक फोम थरथर जशीच्या तशी पुढे पाठवतो. आणि बॅग कॅरिअरला करकचून आवळली, तर तुम्ही पिस्टनची गाठ थेट लेन्सशी मारलीत. गाठ घट्ट असणं आणि सामान सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पटायला वेळ लागतो, कारण लहानपणापासून आपण ट्रंका सुतळीने आवळूनच प्रवास केलेला असतो.

टाकीवरची बॅग त्या मानाने शहाणी. दोन्ही चाकांच्या मधे, डोळ्यांसमोर, नाक्यावर थांबलं तरी हाताखाली. टाकी लोखंडी असेल तर चुंबकाने बसते. वरून प्लास्टिकचं आवरण असेल तर बसत नाही, तेव्हा विकत घ्यायच्या आधी फ्रिजवरचं एखादं चुंबक टाकीला लावून बघावं. चुंबकाने मेमरी कार्ड पुसलं जातं ही भीती मात्र सोडून द्यावी, ती कॅसेटच्या जमान्यातली आहे. टाकीवरच्या बॅगेचा दोष एकच: कॅमेऱ्याची बॉडी आणि एक छोटी लेन्स एवढ्यावर ती भरते. पक्ष्यांच्या मागे जाणाऱ्यांची लांब लेन्स त्यात मावत नाही, आणि जबरदस्तीने उभी बसवली तर यू टर्न घेताना हँडल अडकतं.

मग उरते पाठ. आणि कॅमेऱ्याच्या दृष्टीने पाठ म्हणजे स्वर्ग. इंजिनाची थरथर सीटमधून, मांड्यांमधून, पोटाच्या घेरातून वर येईपर्यंत जवळजवळ संपलेली असते. खड्डा दिसला की आपण फूटरेस्टवर किंचित उभे राहतो आणि गुडघे शॉकअपचं काम करतात. कुठल्याही कंपनीचा फोम खड्डा बघून आधीच तयार होत नाही. फक्त पट्टे नीट हवेत. लांब सोडले तर बॅगेचा तळ सीटला टेकतो आणि प्रत्येक खड्ड्याला सीट त्याला टपली मारते. अर्धी पाठीवर, अर्धी सीटवर, ही सगळ्यात वाईट अवस्था.

मग पाठीवरच का नेऊ नये? कारण हाडं.

निकॉनची २००-५०० मिलिमीटरची ही पक्षीवाल्यांची लाडकी लेन्स, वजन २.३ किलो. पंचवीसेक सेंटिमीटर लांबीची धातू-काचेची नळी पाठीच्या कण्याला समांतर बांधून आपण ताम्हिणी घाटाच्या वळणावर पसरलेल्या बारीक खडीवरून चाललोय, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. गाडी घसरली आणि माणूस पाठीवर पडला, तर रस्ता आणि कणा यांच्या मधे ती नळी आहे. म्हणून लांब पल्ल्याचे जुने चालवणारे एक नियम पाळतात: पाठीवरच्या बॅगेत कडक काही नको. कपडे चालतील, पाण्याची मऊ पिशवी चालेल, साखळीचं कुलूप नको, नटबोल्टचे पाने नकोत, लेन्स तर नकोच. गळ्यात अडकवून छातीवर कॅमेरा लोंबता ठेवणारे दिसले की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. तिथे छातीचं हाड आहे, आणि पट्टा मानेभोवती आहे.

आणि ज्या पोराची मी एवढी तारीफ केली, त्याच्याकडेही आता पुन्हा बघा. दोन्ही हात सामानात अडकलेले, धरायला काही नाही. डोक्यावर हेल्मेट नाही, आणि मोटर वाहन कायद्याचं १२९ वं कलम मागच्यालाही ते सांगतं. बॅगेच्या आत प्रत्येक लेन्सला वेगळा कप्पा, प्रत्येक कप्प्याला फोम. बॅग धरणाऱ्याला काही नाही. किटचा विमा काढणारे स्टुडिओ आता वाढलेत, चांगलंच आहे. त्या असिस्टंटच्या अपघात विम्याबद्दल विचारलं की मालक म्हणतो, “आपलाच पोरगा आहे, घरच्यासारखा.” घरचा आहे, हे मान्य. पण हजारभर रुपयांचं हेल्मेट त्याच्या हळदीच्या ऑर्डरमधून निघू नये, हे मला पटत नाही. मांडी ही कॅमेऱ्याची सर्वोत्तम जागा आहे, एवढंच मी म्हणालो. मांडीच्या मालकाला ती परवडते, असं नाही म्हणालो.

मागे बसून काम करणारे जगात इतरत्रही आहेत. टूर द फ्रान्समध्ये सायकलस्वारांचे फोटो काढणारे मोटरसायकलवर मागे बसतात, बऱ्याचदा उलट तोंड करून. पण तिथे चालवणारा त्या कामात मुरलेला असतो, रस्ता इतरांना बंद असतो आणि हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर असतं. आपल्याकडच्या होमाई व्यारावाला, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, चाळीसच्या दशकातल्या दिल्लीत साडी नेसून, कॅमेऱ्याचं सामान घेऊन सायकलवरून कामाला जात. त्यांच्या कॅमेऱ्यांना खड्डे सोसावे लागले असतील, पण निदान इंजिन नव्हतं.

एकट्याने जायचं तर मला जमलेली मांडणी अशी. कॅमेरा आणि छोटी लेन्स टाकीवर, एकमेकांपासून सोडवून. लांब लेन्स मागच्या सीटवर, कॅरिअरवर नव्हे, म्हणजे मागच्या चाकाच्या पुढे, जिथे तो पोरगा बसला असता तिथेच. आणि सीट व बॅग यांच्या मधे वाकळ. घरातल्या जुन्या लुगड्यांची, चार-पाच थरांची, हाताने टाके घातलेली. परदेशी फोमचे बरेच नखरे करून झाल्यावर मी वाकळीवर आलो आणि आता हलणार नाही. ती दबते, पण तळाला टेकत नाही. मुक्कामाला अंगावर घेता येते. मळली तर विहिरीवर धुता येते. पाठीवर फक्त कपडे आणि रेनकोट. मेमरी कार्डं जॅकेटच्या आतल्या खिशात, कारण गाडी ढाब्याबाहेर उभी असते तेव्हा बॅग जाऊ शकते, फोटो जाऊ नयेत.

बांधायला हुकवाली रबरी दोरी मी वापरत नाही. ताण बसल्यावर हूक सुटला तर तो डोळ्याकडे येतो, नाहीतर मागच्या चाकात जातो, आणि दोन्हींत निवड करण्यासारखं काही नाही. टपावर ताडपत्री बांधायचे चपटे पट्टे बकलसह मिळतात, ते घ्यावेत, उरलेली टोकं गुंडाळून खोचावीत. मोकळं टोक चेनकडे जायला बघतंच. आणि सायलेन्सरच्या बाजूला कॅमेऱ्याची पिशवी कधीच नको. स्कूटरची डिकी दिसायला गोंडस असते, पण तिच्याखाली इंजिन असतं. शहरात उन्हाळ्यात तासभर फिरून डिकी उघडा आणि आतला चॉकलेटचा कागद बघा, बॅटऱ्या तिथे ठेवायच्या की नाही ते कळेल.

पावसाबद्दल सह्याद्रीत राहणाऱ्याने वेगळं काय लिहावं? आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो वरून कमी आणि समोरून जास्त येतो, आणि मागच्या चाकाने उडवलेला खालून येतो. बॅगेसोबत मिळणारं पावसाळी आवरण फक्त बाहेरची बाजू झाकतं. साठच्या वेगाला ते फुगतं, आणि शिरलेलं पाणी तळाशी साठवून ठेवतं. म्हणून पाणी बॅगेच्या बाहेर अडवण्यापेक्षा आत अडवावं. तोंडाला गुंडाळी घालून बंद होणाऱ्या पिशव्या नावाड्यांच्या सामानासाठी मिळतात, त्यात आधी कॅमेरा, मग ती पिशवी बॅगेत. २०१८ च्या प्लास्टिकबंदीआधी हेच काम कपड्यांच्या दुकानातली जाड पिशवी करायची. बंदी योग्यच होती, पण ती पिशवी मला आठवते.

खरा पाऊस मात्र आतून पडतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना चाळीसेक किलोमीटरमध्ये तेराशे मीटरच्या आसपास खाली येतो आपण. वरच्या थंडीत गार झालेली काच खालच्या दमट हवेत उघडली की क्षणात आंधळी होते. पुसलं की पुन्हा. खाली पोहोचल्यावर आधी चहा घ्यावा, बॅग बंदच ठेवावी, अर्ध्या तासाने उघडावी. ओला रेनकोट कॅमेऱ्याच्या कप्प्यात कोंबणाऱ्यांना तर बुरशी पत्ता विचारत येते. घरी आल्यावर सगळं बाहेर काढून, पुसून, आर्द्रता ४०-५० टक्क्यांवर राहील अशा डब्यात सिलिका जेलसोबत ठेवणं हा कंटाळवाणा भाग आहे, आणि दमून आलेल्या रात्री तो टाळण्याची शंभर कारणं सापडतात.

राहिला ट्रायपॉड. त्याला गाडीवर जागाच नाही. आडवा बांधला तर दोन्ही बाजूंनी बाहेर येतो आणि ट्रकवाल्याच्या आरशाला भिडतो. उभा बांधला तर पाठीमागे गजासारखा उभा, पुन्हा हाडांचाच प्रश्न. टाकीवर मावत नाही. मी तो भिगवणसाठी कायमचा सोडला. उजनीच्या पाण्यात कुंभारगाव किंवा डिकसळहून नावेत बसायचं असतं, आणि नावेत ट्रायपॉडचा तसाही उपयोग नाही, नाव हलते म्हणजे तीन पायही हलतात. तिथे लागते ती नावेच्या काठावर ठेवून लेन्स टेकवायची दाण्यांची पिशवी. ती रिकामी न्यायची, खिशात मावते. भिगवणच्या किराणा दुकानात दोन किलो ज्वारी घ्यायची, भरायची, चेन लावायची. रोहित पक्षी पाण्याच्या पातळीवर, लेन्सही पाण्याच्या पातळीवर, काम होतं. परतीला एवढं ओझं कोण नेणार, म्हणून ज्वारी नावाड्याच्या घरी ओतून येतो, त्याच्या कोंबड्यांना. मागच्या खेपेला पिशवी रिकामी करताना तो म्हणाला, “सर, पुढच्या टायमाला गहू घ्या की. ज्वारी रोजचीच झालीय त्यांना.”